छातीतली धडधड: नाडी मोजा, वेळ टिपा

या वेळच्या टपालात धडधडीविषयीची पत्रं सर्वांत जास्त निघाली. कुणी ‘काळीज धडधडता’ लिहिलंय, कुणी ‘छातीत फडफडतं’, तर कुणी ‘ठोका चुकतो’. हे तीन अनुभव वेगवेगळे असू शकतात, आणि निदान करताना डॉक्टरांना या फरकाचा फार उपयोग होतो. धडधडीची भीती किती वाटली, यावरून तिचं गांभीर्य कळत नाही. ती कशी सुरू झाली, कशी थांबली, तेव्हा नाडी किती होती आणि सोबत आणखी काय झालं, यावरून कळतं. खालची बहुतेक उत्तरं याच चार गोष्टींभोवती आहेत. पत्रलेखकांची नावं वगळली आहेत.

रात्री डाव्या कुशीवर झोपले की दोन-चार ठोके नीट पडतात, मग एक चुकतो आणि लगेच आतून कुणी गुद्दा मारल्यासारखं होतं. दिवसा कामात काही जाणवत नाही. ईसीजी काढला, तो नॉर्मल आला. घरचे म्हणतात, गॅस आहे. माझं वय ४६. (देवगड)

ताई, तुमचा ठोका बहुधा चुकत नाही, तो वेळेआधी पडतो. हृदयाचा ताल उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यातला पेशींचा एक छोटा पुंजका ठरवतो. कधी कधी दुसऱ्याच ठिकाणच्या पेशी पाळी नसताना मध्येच ठोका देतात. तोवर खालचा कप्पा पुरता भरलेला नसतो, म्हणून हा ठोका पोकळ पडतो. पुष्कळदा तो मनगटापर्यंत पोचतही नाही. त्यानंतर हृदय क्षणभर थांबतं, त्या वेळात नेहमीपेक्षा जास्त रक्त भरतं आणि पुढचा ठोका ते सगळं जोराने बाहेर ढकलतो. तुम्हाला जाणवतो तो गुद्दा या पुढच्या, व्यवस्थित ठोक्याचा असतो. डाव्या कुशीवर हृदय छातीच्या भिंतीला जवळ येतं आणि रात्री आजूबाजूला शांत असतं, म्हणून नेमकं तेव्हाच कळतं. अशा आगंतुक ठोक्यांना डॉक्टर एक्टोपिक म्हणतात. धडधाकट माणसाची २४ तासांची नोंद काढली तरी त्यात ते थोडेफार सापडतात.

साधा ईसीजी जेमतेम दहा सेकंदांचा असतो. तेवढ्यात ठोका आला तर दिसणार, नाही तर नाही. तरी तो वाया गेला असं समजू नका. हृदयात जन्मतः एखादी जादा वाट आहे का, विजेचा प्रवास लांबलेला आहे का, जुन्या झटक्याची खूण आहे का, एवढं त्यात बघता येतं.

आता एवढं करून घ्या. रक्तात हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), साखर आणि पोटॅशियम तपासा आणि एकदा इको (हृदयाची सोनोग्राफी) काढा. या वयात पाळी जास्त जात असेल तर हिमोग्लोबिन नकळत नऊ-साडेनऊवर आलेलं असतं. बाईचं १२ च्या खाली गेलं की तो पंडुरोग. पाळी थांबायच्या सुमारास अंगातून गरम वाफा येतात, त्यांच्यासोबतही अशी धडधड होते. इको चांगला असेल आणि असे ठोके मोजके असतील तर गोळीची गरज नसते. मात्र ते दिवसभर सारखे येऊ लागले तर होल्टर (दिवसभर ईसीजी टिपणारं छोटं यंत्र) लावून मोजायला हवेत. हृदय दिवसाला सुमारे एक लाख ठोके देतं. त्यातले दहा हजारांच्या वर आगंतुक निघाले, तर काही जणांत हृदयाचा स्नायू हळूहळू थकतो. तिथे तज्ज्ञ लागतो आणि इकोही पुन्हा पुन्हा काढावा लागतो.

आणखी एक विचारायचं आहे, रागावू नका. मिश्री लावता का? हा प्रश्न डॉक्टर बायकांना सहसा विचारत नाहीत आणि बायका आपणहून सांगत नाहीत. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. हिरडीतून निकोटिन थेट रक्तात जातं आणि नाडी वाढवतं. दिवसातून चार वेळा लावणाऱ्या बाईची धडधड चार आठवडे मिश्री सोडूनच तपासावी. चहाचंही तसंच. दोन कपांनी बिघडत नाही, पण उपाशीपोटी कडक चहा आणि अपुरी झोप एकत्र आली की असे ठोके वाढतात.

पोट तट्ट भरलं की हे ठोके वाढू शकतात, तेव्हा घरच्यांच्या बोलण्यात थोडं तथ्य आहे. पण चढण चढताना छातीवर दाब येतो आणि उभं राहिलं की उतरतो, असं कधी झालं तर त्याला गॅस म्हणू नका. हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्यावर असंच होतं.

आमची वाडी रस्त्यापासून आत आहे आणि मोठं रुग्णालय लांब. धडधड झाल्यावर रात्रीच निघायचं की सकाळपर्यंत थांबायचं, हे कसं ठरवायचं? (दोडामार्ग)

आधी माणसाला बसवा आणि नाडी मोजा. अंगठ्याच्या मुळाखाली, मनगटाच्या हाडाच्या आतल्या बाजूला, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका हलकी ठेवा. स्वतःचा अंगठा वापरू नका, त्यात आपलीच नाडी लागते. ठोके सारख्या अंतराने पडत असतील तर ३० सेकंद मोजून दुप्पट करा. वेडेवाकडे पडत असतील तर पूर्ण मिनिट मोजा. निवांत बसलेल्या मोठ्या माणसाची नाडी ६० ते १०० असते. तापात, रडारडीनंतर किंवा घाईने चालून आल्यावर १२० झाली आणि पंधरा-वीस मिनिटांत हळूहळू उतरली, तर सकाळ झाली तरी चालेल.

धडधडीसोबत शुद्ध हरपली किंवा डोळ्यांपुढे अंधारी येऊन माणूस पडला, तर लगेच निघायचं. छातीत दाब आणि थंड घाम असेल, एक वाक्य पुरं करता येणार नाही इतका दम असेल, तोंड वाकडं होऊन जीभ जड झाली किंवा एका बाजूचा हात उचलेना, तरी लगेच. बसल्या जागी नाडी १५० च्या वर राहून पंधरा-वीस मिनिटांत उतरत नसेल तरीही. ज्यांची अँजिओप्लास्टी किंवा बायपास झाली आहे, झडप खराब आहे किंवा हृदय अशक्त असल्याचं सांगितलंय, त्यांनी एवढीही वाट बघू नये. पळताना किंवा ओझं वाहताना शुद्ध हरपली तर मुलगा वीस वर्षांचा धट्टाकट्टा असला तरी त्याच दिवशी दाखवा. घरात कुणी चाळिशीच्या आत अचानक गेलं असेल, तर त्या घरातल्या धडधडीची तपासणीही पुढे ढकलू नका.

१०८ ला फोन करताना वाडीचं नाव, जवळचं देऊळ किंवा शाळा आणि गाडी कुठवर येते, हे सांगा. एक माणूस बॅटरी घेऊन रस्त्यावर उभा करा. रुग्णाला दुचाकीवर दोघांच्या मध्ये बसवून नेऊ नका. वाटेत शुद्ध गेली तर त्याला कुणीच सावरू शकत नाही. माणूस हाक मारून उठेना आणि श्वासही नीट चालेना, तर त्याला आडवा करून छातीच्या मधोमध तळहाताने पाच-सहा सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० या वेगाने दाबत राहा, मदत येईपर्यंत.

बांबोळीला (गोवा मेडिकल कॉलेजला) जायचंच ठरलं आणि रुग्ण बोलता-चालता असेल, तरी वाटेतल्या ग्रामीण रुग्णालयात धडधड चालू असतानाच ईसीजी काढून घ्या. त्याला पाच मिनिटं लागतात. दीड तासाने बांबोळीत पोचेपर्यंत धडधड थांबलेली असली, तर पुरावा म्हणून तेवढाच कागद हाती असतो.

मी शिक्षिका आहे, वय २९. वर्षातून चार-पाच वेळा कळ दाबल्यासारखी एकदम धडधड सुरू होते. नाडी मोजता येत नाही इतकी जलद, गळ्यातही फडफडतं. वीस मिनिटांनी तशीच खटकन थांबते आणि मग पुष्कळ लघवीला होतं. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं नॉर्मल. ‘टेन्शन घेता’ म्हणून झोपेची गोळी दिली आहे. (रत्नागिरी)

ताई, तुम्ही इतकं नेमकं लिहिलंय की हे पत्र असंच डॉक्टरांना दाखवा. कळ दाबल्यासारखी सुरुवात, तसाच शेवट, गळ्यातली फडफड आणि नंतरची लघवी, या चारींवरून पीएसव्हीटीचा, म्हणजे एकदम सुरू होऊन एकदम थांबणाऱ्या अतिजलद ठोक्यांच्या विकाराचा, दाट संशय येतो. हृदयाच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांना जोडणाऱ्या विजेच्या वाटेला काही जणांत जन्मतः एक जोडवाट असते. एखादा आगंतुक ठोका चुकीच्या क्षणी पडला की वीज त्या दोन वाटांतून गोल गोल फिरू लागते आणि नाडी १५० ते २२० वर जाते. वरचे आणि खालचे कप्पे एकाच वेळी आकुंचन पावतात, वरचं रक्त मानेच्या शिरांत मागे ढकललं जातं, म्हणून गळा फडफडतो. वरचे कप्पे ताणले गेल्यावर जे संप्रेरक सुटतं, त्याने लघवी वाढते.

ताणामुळे येणारी धडधड सहसा पायरी पायरीने चढते आणि तशीच उतरते. बसल्या बसल्या एका क्षणात ८० वरून १८० ती सहसा नेत नाही. पीएसव्हीटी सुरू झाल्यावर माणूस घाबरतोच, आणि मग बघणाऱ्याला भीती हेच कारण वाटतं. तरुण बायकांच्या बाबतीत ही चूक फार वेळा होते, याचं आम्हाला वाईट वाटतं.

झटका आला तर उभ्या राहू नका, स्कूटरवर असाल तर आधी कडेला थांबा. हृदयरोगतज्ज्ञांनी एकदा तपासून संमती दिली की पुढचा उपाय घरी करता येतो. पाठीला उशा लावून अर्धवट बसा. सुई नसलेली १० मिलीची नवी सिरिंज तोंडात धरा आणि दट्ट्या जेमतेम हलेल इतक्या जोराने सलग १५ सेकंद फुंका. फुंकणं संपलं की लगेच सपाट आडव्या व्हा. दुसऱ्या कुणी तुमचे दोन्ही पाय ४५ अंशांवर उचलून १५ सेकंद धरायचे. मग पुन्हा अर्धवट बसा. फुंकताना छातीतला दाब वाढतो. तो सोडल्यावर पायांतलं रक्त एकदम हृदयाकडे येतं, व्हेगस नावाची नस जोराने काम करते आणि ती गोल फिरणारी वीज तुटते. इंग्लंडमधल्या रिव्हर्ट चाचणीचे निष्कर्ष २०१५ साली आले. त्यात या पद्धतीने ४३ टक्के लोकांची धडधड थांबली, तर पाय न उचलता नुसतं फुंकणाऱ्यांत १७ टक्क्यांची. म्हणून पाय उचलायला विसरू नका. लोक इथेच चुकतात. फुंकून झाल्यावर उठून पाणी प्यायला जातात. दोनदा करून थांबली नाही तर दवाखाना गाठा. तिथे एडेनोसिनचं इंजेक्शन शिरेतून झटकन देतात. काही सेकंद छाती भरून आल्यासारखं वाटतं आणि ताल जागेवर येतो. डोळ्यांची बुबुळं दाबणं किंवा मान चोळणं हे जुने प्रकार घरी करू नयेत. डोळ्याच्या पडद्याला इजा होऊ शकते आणि मानेतल्या धमनीत चरबीचा थर असेल तर त्याचा तुकडा मेंदूत जाऊ शकतो.

कायमचा उपाय आहे, त्याला अब्लेशन म्हणतात. जांघेतल्या शिरेतून तारा नेऊन ती जोडवाट जाळतात. छाती उघडावी लागत नाही. अशा पीएसव्हीटीत ते शंभरात ९५ पेक्षा जास्त जणांना लागू पडतं. शंभरात एखाद्याला पेसमेकर लागू शकतो, हा धोका आधी समजून घ्या. मुंबई, पुणे, गोव्यात हे होतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, हे त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांना विचारा. आणि झोपेची गोळी कमी कशी करायची, हेही डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या, एकदम तोडू नका.

बाबांचं वय ७१, बीपीची गोळी चालू आहे. घरच्या बीपी मशिनवर हल्ली हृदयाचं चिन्ह लुकलुकतं. त्यांना काहीच त्रास नाही. (हर्णै)

त्रास नाही म्हणूनच हे पत्र आम्ही निवडलं. ते चिन्ह म्हणजे मशिनला ठोके अनियमित लागले. हात हलला किंवा बोलणं चाललं तरी ते उमटतं, म्हणून पाच मिनिटं शांत बसवून तीनदा मोजा. प्रत्येक वेळी आलं, आणि हाताला नाडीही कसलाच ताल नसलेली लागली, एक लवकर, एक उशिरा, एक जोरात, एक बारीक, तर याच आठवड्यात ईसीजी काढा. एट्रिअल फिब्रिलेशन असू शकतं. यात वरचे कप्पे नुसते थरथरतात, कोपऱ्यात रक्त साचून गुठळी होते आणि ती मेंदूत गेली की लकवा येतो. या विकारात लकव्याचा धोका सुमारे पाचपट होतो.

निदान झालं तर बाबांचं वय आणि बीपी बघता रक्ताची गुठळी होऊ न देणारं औषध बहुतेक लागेल. रोजची छोटी ॲस्पिरिन त्या जागी पुरत नाही. ‘आम्ही ॲस्पिरिन चालूच ठेवलीय’ म्हणणारी बरीच घरं इथे फसतात. इको काढून झडप बघणं महत्त्वाचं, कारण लहानपणीच्या सांधेतापाने झडप अरुंद झाली असेल तर नवीन प्रकारच्या गोळ्या चालत नाहीत. वॉर्फरिन किंवा ॲसिनोकुमरॉल घ्यावी लागते आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो, हे सांगणारा आकडा) सहसा २ ते ३ मध्ये ठेवावा लागतो. या जुन्या गोळ्यांवर असताना पालेभाजीचं प्रमाण आठवड्यागणिक सारखं ठेवा. श्रावणात एकदम रोज टाकळा आणि शेवग्याचा पाला सुरू झाला की त्यातल्या के जीवनसत्त्वाने आयएनआर खाली येतो. पाला खायचा नाही असं नाही. एरवी दोनदा खात असाल तर श्रावणातही दोनदाच खा, नाही तर तपासणी लवकर करा.

बाजारातून आणलेल्या बांगड्याचं तिखलं जेवलो. अर्ध्या तासात तिघांचेही चेहरे लालबुंद, डोकं ठणकलं, छाती धडधडली, एकाला जुलाब. मासळीची ॲलर्जी आमच्यात कुणालाच नाही. (मालवण)

तिघांनाही एकाच वेळी झालं, यातच उत्तर आहे. ॲलर्जी तिघांना एका दिवशी जडत नाही. बांगडा, तारली, कुपा, सुरमई या मासळीच्या मांसात हिस्टिडिन भरपूर असतं. मासा मेल्यावर बर्फाविना उन्हात राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामाइन करतात. ॲलर्जीत आपलं शरीर जे सोडतं, तेच इथे ताटातून पोटात जातं. रक्तवाहिन्या पसरतात, चेहरा तापतो, रक्तदाब उतरतो आणि तो सावरायला हृदय धावतं.

फसवणूक अशी की अशा माशाला वास येईलच असं नाही. कधी जिभेला तिरफळ नसतानाही चुरचुर लागते, तेवढीच खूण. हिस्टामाइन एकदा तयार झालं की ते उकळून, तळून, खारवून, वाळवून किंवा फ्रीजरमध्ये ठेवून जात नाही. आगळ आणि कोकमंही त्याला काही करत नाहीत. म्हणून उपाय शिजवण्याआधीचे आहेत. मासा बर्फातला घ्या, कल्ले लाल आणि अंग ताठ असलेला. पिशवीत बर्फ घालून आणा. घरी आल्याबरोबर आतडी व कल्ले काढून धुऊन थंडीत ठेवा. दुपारी लिलावाबाहेर उघड्यावर पडलेला स्वस्त वाटा घेऊ नका.

सौम्य त्रास काही तासांत उतरतो, सेट्रिझिनसारखी गोळी डॉक्टरांना विचारून घेतली तर लवकर. श्वासात घरघर, ओठ-जीभ सुजणं, चक्कर किंवा छातीत दुखणं असेल तर रुग्णालयात जा. क्षयरोगाच्या औषधांतलं आयसोनियाझिड चालू असलेल्यांना हा त्रास जास्त होतो, कारण ते औषध हिस्टामाइन मोडणाऱ्या विकराला अडवतं. त्या घरात मासळीच्या ताजेपणाबद्दल अधिक काटेकोर राहावं.

मी ट्रॉलरवर तांडेल आहे, वय ५२. भर उन्हात जाळी ओढल्यावर पोटऱ्यांना वांब येतात आणि रात्री छातीत अडखळतं. बीपीची गोळी आहे, तिने लघवी जास्त होते. (नाटे)

काका, घाम आणि ती गोळी मिळून तुमचं पोटॅशियम उतरवत असावेत. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांमधून पोटॅशियम आणि मॅग्नेशियम दोन्ही जातात. ते कमी झाले की पायांचे स्नायू वळतात आणि हृदयात आगंतुक ठोके येतात. किनाऱ्यावर आलात की सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि ईसीजी करा, गोळी बदलता येते. स्वतःहून बंद करू नका.

बोटीवर ओआरएसच्या पुड्या ठेवा. एक पुडी बरोबर एक लिटर पाण्यात, पेल्यात अंदाजाने नाही. घट्ट केली तर जुलाब होतात, पातळ केली तर उपयोग होत नाही. घाम येणाऱ्या कामात दर अर्ध्या तासाला पेलाभर पाणी प्या, तहान लागायची वाट बघू नका. शहाळ्यात पोटॅशियम चांगलं असतं, पण मूत्रपिंड कमजोर असेल किंवा टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल तर तेच पोटॅशियम धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतं. म्हणून रिपोर्ट आधी, शहाळी मागून. बंदरात आल्यावर त्याच संध्याकाळी, अंगातलं पाणी आटलेलं असताना दारू घेणं हे तालासाठी सर्वांत वाईट. शिमग्यात आणि लग्नसराईत पहिल्यांदाच ताल बिघडून येणारे असतात, त्यांत हेच जुळून आलेलं असतं.

सूनबाईंना पाचवा महिना आहे. जिना चढलं की धडधडतं. शेजारी म्हणतात, दोन जिवांचं असंच असतं. (वेंगुर्ले)

बऱ्याच अंशी खरं आहे. गरोदरपणात रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं आणि नाडी नेहमीपेक्षा १० ते २० ने वर राहते. पण हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर आधी ते भरून काढा. लोहाची गोळी चहासोबत घेऊ नये, चहाने ती शोषली जात नाही. जेवणानंतर दोन तासांनी लिंबूपाण्यासोबत द्या. टीएसएचही बघा.

तिला रात्री सपाट झोपता येतं का, हे नक्की विचारा. उशा वाढवाव्या लागतात, मध्यरात्री खोकल्याने उठून बसावं लागतं, थुंकीत रक्ताचा अंश दिसतो, असं असेल तर आजच दाखवा. लहानपणी घसा दुखून सांधे सुजले होते का, २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यायला सांगितलं होतं का, हे तिच्या माहेरी विचारा. सांधेतापाने अरुंद झालेली झडप वर्षानुवर्षं गप्प राहते आणि रक्त वाढलं की चौथ्या ते सहाव्या महिन्यात पहिल्यांदा बोलते. इकोने बाळाला काही होत नाही.

मुलाने मुंबईहून स्मार्ट घड्याळ पाठवलंय. ते रात्री ४८ दाखवतं, कधी मध्येच १४०. कशावर विश्वास ठेवू? (गुहागर)

बोटांवर. गाढ झोपेत ४८ हे निरोगी माणसातही असतं. जागेपणी चक्कर येऊन ४८ असेल तर मात्र दाखवा. पट्टा सैल असला, मनगट ओलं असलं किंवा हात हलत असला की घड्याळ काहीही आकडा देतं. घड्याळात बोट ठेवून ईसीजी काढायची सोय असेल तर ती कामाची आहे. धडधड चालू असताना ३० सेकंद हात टेबलावर टेकवून काढा आणि ती पट्टी जपून ठेवा.

भातकापणीत नातवाला विंचू चावला. दंश फारसा दुखत नव्हता, पण तासाभरात उलट्या, घाम आणि छाती नुसती उडत होती. वाचला. पुढच्या वेळी काय करावं? (मंडणगड)

कोकणातला तांबडा विंचू असेल तर दुखणं कमी असलं तरी हातपाय थंड, घाम, उलटी, धडधड ही लक्षणं जास्त भयंकर. विषाने शरीरात ॲड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, हृदयावर ताण येतो आणि काही तासांत फुप्फुसात पाणी भरू शकतं. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी यावर प्राझोसिन ही साधी रक्तदाबाची गोळी लागू पडते, हे १९८० च्या दशकात दाखवलं. त्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. आज प्राझोसिन आणि विंचवाची प्रतिलस, दोन्ही वापरतात.

मूल असेल तर लक्षणांची वाट न बघता निघा, चालवू नका, आडवं न्या. चिरा देणं, आवळून बांधणं, पाला चोळणं यात वेळ जातो. गाऱ्हाणं घालायचं तर एकाने देवळात थांबावं, बाकीच्यांनी मुलाला घेऊन निघावं. दवाखान्यात प्राझोसिन दिल्यावर मुलाला एकदम उठवून बसवू नका, रक्तदाब पडतो. बरं वाटलं तरी २४ तास देखरेखीखाली ठेवा. कापणीला पेंढ्या उचलताना आणि गडग्याचे चिरे हलवताना आधी काठीने चाळवा, बूट घालण्याआधी झटका.

महिन्यातून एकदा धडधड होते. २४ तासांचं होल्टर लावलं, त्या दिवशी काहीच झालं नाही. पैसे फुकट गेले का? (अलिबाग)

महिन्यातून एकदा येणारा पाहुणा त्याच चोवीस तासांत सापडेल, हे अवघडच होतं. रोज धडधड होत असेल तर २४ तासांचं होल्टर, आठवड्यातून एकदा होत असेल तर सात ते चौदा दिवसांचा छातीवर चिकटणारा पॅच, आणि महिन्यातून एकदा असेल तर झटका आल्यावर स्वतः कळ दाबून नोंद करायचं यंत्र किंवा ईसीजी देणारं घड्याळ. शुद्ध हरपत असेल तर कातडीखाली बसवायचा छोटा रेकॉर्डरही मिळतो. पॅच लावल्यावर घामाने कडा सुटतात. लावण्याआधी छाती साबणाने धुऊन कोरडी करा, तेल लावू नका.

तोवर एक वही ठेवा. तारीख, सुरू झाल्याची वेळ, थांबल्याची वेळ, मोजलेली नाडी, त्याआधीच्या सहा तासांत काय खाल्लं-प्यायलं, कोणती गोळी घेतली. सर्दीच्या गोळ्या आणि दम्याचा पंप विसरून लिहायचे राहतात, आणि पुष्कळदा कारण तेच असतं. डॉक्टरांसमोर ठोक्यांचा ताल टेबलावर बोटांनी वाजवून दाखवा, ‘खूप जोरात’ म्हणण्यापेक्षा त्यातून जास्त कळतं.

आणि ईसीजीचा कागद उष्णतेने छापलेला असतो. वर्षभरात फिका पडतो, खिडकीजवळच्या फाइलमध्ये त्याहून लवकर. टिकावा म्हणून लॅमिनेशन करायला दिलात तर त्या गरम रुळांखाली पूर्ण काळा होऊन परत मिळेल. काढला त्याच दिवशी साध्या कागदावर झेरॉक्स करा आणि मोबाइलवर तारीख दिसेल असा फोटो घ्या.